वर जाणारा रस्ता

शेजारच्या खाटेवरचा भूपाल चौगुले चालायला लागला, तेव्हा निशिकांत मगदूमला आधी ऐकू आली ती चप्पल. फट्, मग काहीच नाही. पुन्हा फट्, पुन्हा काहीच नाही.

"सर, बघा की! चाललो की वो मी!" भूपाल ओरडला आणि लगेच ओशाळून म्हणाला, "म्हंजे, ऐका."

"ऐकतोय. फार छान झालं. पण तुमची डावी चप्पल कुठं गेली?"

"आं?"

"दारापासून एकाच पायात वाजतेय."

मग भूपाल स्वतःच मोठ्याने हसला. "आयला, खरंच की. खाटेखाली ऱ्हायली. मला पत्त्याच न्हाई."

वॉर्डातले सगळे हसले. निशिकांतही हसला, पण ते 'पत्त्याच न्हाई' त्याच्या डोक्यात रुतून बसले.

भूपाल उसाच्या ट्रॅक्टरवर होता. ट्रॉली उलटून त्याची पाठ मोडली होती आणि दोन महिन्यांपूर्वी याच मिरजेच्या रुग्णालयात त्याच्या पाठीत मज्जासेतू, म्हणजे तुटलेली मज्जारज्जू तारांनी जोडणारे यंत्र, बसवला होता. निशिकांतची गोष्ट मानेची होती. तो जन्मापासून आंधळा. सत्तावीस वर्षे तो ब्रेल छापखान्यात मुद्रितशोधक होता. काम दोघांनी मिळून करायचे: डोळस वाचकाने मूळ पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि निशिकांतने त्याच ओळीवरून बोट फिरवत ताडून पाहायचे. ओळ नीट असली की तो म्हणायचा "बरोबर", चूक सापडली की "थांब". दुसऱ्या वर्षी वैजयंती तिथे वाचक म्हणून आली. त्या दोन शब्दांखेरीज तिच्याशी काही बोलायला निशिकांतला आठ महिने लागले. मग लग्न झाले, आणि पुढेही दोघे त्याच टेबलाशी बसत राहिले.

पाच महिन्यांपूर्वी छापखान्याच्या फाटकासमोर कुणीतरी केबलसाठी चर खणला आणि उघडाच टाकून दिला. पांढरी काठी आधी आत गेली, तिच्यामागून निशिकांत. तेव्हापासून मानेखालचे सगळे शरीर त्याच्या दृष्टीने नाहीसे झाले होते. उरला होता फक्त चेहरा. नर्स उठवायची ती गालावर टिचकी मारून. वैजयंती येऊन बसली की गालावर तळवा ठेवायची, म्हणजे ती आल्याचे त्याला कळे. जगातला सगळा स्पर्श आता तेवढ्या चार बोटे जागेत येऊन राहिला होता.

डॉक्टर आयेशा मुजावर यांनीही समजावून सांगताना त्याच्या गालाचाच फळा केला.

"ही तुमची मज्जारज्जू," त्यांनी बोटाने एक उभी रेघ ओढली. "मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली आलेली दोरी. हिच्यात कोट्यवधी चेतापेशींचे तंतू आहेत. काही तंतूंतून निरोप वर जातात: गरम, गार, खरखरीत. दुसऱ्या तंतूंतून मेंदूचे हुकूम खाली येतात: उचल, धर, सोड. एक पेशी दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. तुमच्या मानेत ही साखळी तुटलीय. वरचे हुकूम देतायत, खालचे निरोप पाठवतायत, मध्ये रस्ताच नाही."

"आणि सेतू तो रस्ता जोडतो."

"एक रस्ता जोडतो, मगदूम सर. तारा केसाहून बारीक असल्या तरी विजेवर चालतात, तापतात. अर्ध्या अंशाहून जास्त ऊब आसपासच्या चेतापेशींना सोसत नाही. म्हणून एकाच दिशेची वाहतूक. भूपालचे हुकूम खाली जातात, पण पायांचा निरोप वर येत नाही."

"म्हणून चप्पल."

"म्हणून चप्पल. तुमचेही हात चालतील. चमचा धराल, कूस बदलाल."

निशिकांतने हलक्या आवाजात विचारले, "आणि वर जाणारा रस्ता मागितला तर?"

डॉक्टरांचे बोट गालावरच थांबले. "आजवर सदतीस सेतू बसवले. तसं कुणी मागितलेलं नाही."

"त्यांना डोळ्यांनी वाचता येत असेल."

"तुम्ही पुस्तकं ऐकू शकता ना?"

"ऐकतो की. पण ते वाचणाऱ्याचं वाचणं झालं, डॉक्टर. मी फक्त त्याच्या मागून चालायचं." बोलल्यावर त्याला वाटले, हे उगाच पुस्तकी झाले. "नंतर बदलता येतो का?"

"नाही. दीड महिन्यात तुमच्याच पेशींचे तंतू सेतूच्या टोकांना विळखा घालतात. तो उपटला तर आहे तेही जाईल."

दुपारी त्याने वैजयंतीला सांगितले. सांगताना तो तीनदा अडखळला. हात मिळाले असते तर तिचा अर्धा भार हलका झाला असता, हे त्याला ठाऊक होते. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवणे, भरवणे, पुसणे. ती पन्नाशीला आली होती.

"बोटाला कळेल, पण बोट हलणार नाही," तो म्हणाला. "ओळीवरून कुणीतरी फिरवावं लागेल."

ती मोसंबे सोलत होती. सालीचा आवाज थांबला.

"कुणीतरी म्हणजे?" ती म्हणाली. "मीच की. दुसरी कोण बसलीय इथं?"

"तुझ्यावर फार होईल, वैजू. नको वाटत असेल तर आत्ताच सांग."

"तुम्ही वाचायचं घ्या. हात माझे आहेत की." मोसंब्याची फोड त्याच्या ओठांना लागली. "तोंड उघडा."

शस्त्रक्रियेनंतर तंतूंनी धरायचे म्हणून दीड महिना वाट पाहिली. अपघाताला आठ महिने होत आले तेव्हा एका सकाळी सेतू सुरू केला.

"आता मी तुम्हाला हात लावतेय," डॉक्टर म्हणाल्या. "काय जाणवलं?"

"तुम्ही माझ्या गालाला हात लावला."

"पुन्हा सांगा."

"उजवा गाल. कानाच्या थोडा पुढं. काय झालं?"

वैजयंतीचा श्वास अडकल्याचे त्याला ऐकू आले. "अहो," ती म्हणाली, "त्यांनी तुमचं बोट धरलंय."

डॉक्टर मुजावर खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या आवाजातला आत्मविश्वास कुठे गेला होता कोण जाणे. "मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो," त्या म्हणाल्या. "त्यात हाताच्या शेजारी चेहरा येतो. तुम्ही बोटांनी वाचणारे, तुमच्या बोटांची वस्ती तिथं मोठी होती. आठ महिने तिला एकही निरोप आला नाही. आणि चेतापेशी रिकाम्या बसत नाहीत, शेजारचं काम उचलतात. ती जागा गालानं घेतली. बोटाचा निरोप पोचतोय, पण त्या घरात आता गाल राहतो. मी मज्जारज्जूचाच विचार करत बसले. मेंदूचा करायला हवा होता."

"मग आता?"

"रोज चार तास सराव. नकाशा परत फिरू शकतो. दोन वर्षं लागतील. कदाचित..." त्या थांबल्या. "कदाचित नाहीच फिरणार. खोटं सांगत नाही."

घरी हॉलमध्ये, खिडकीजवळ खाट मांडली. रोज सकाळी नऊ वाजता वैजयंती सहावीच्या भूगोलाचे ब्रेल पुस्तक त्याच्या हाताखाली ठेवायची. एका हातात त्याची तर्जनी धरायची, दुसऱ्यात छापील पुस्तक. तिने बोट ओळीवर टेकवले की त्याच्या गालावर मूठभर राई सांडल्यासारखे व्हायचे. दाणे असत, पण त्यांची अक्षरे होत नसत. जन्मभर ज्या ठिपक्यांनी त्याला नद्या, राजे आणि गणिते सांगितली, ते आता गालावरून मुकाट घरंगळून जात.

सुरुवातीला तो खरे सांगायचा. "नाही, काही लागलं नाही." वैजयंती "बरं" म्हणायची आणि पुढची ओळ घ्यायची. दिवसभरात तिच्या 'बरं'चा आवाज खाली खाली जाई. पाचव्या महिन्यात एका सकाळी, ती वाचत असताना, त्याने अंदाजाने म्हटले, "इथं 'पठार' आहे का?" मघाशीच तिने तो शब्द वाचला होता.

"लागलं तुम्हाला?" ती किंचाळलीच. त्या दिवशी तिने शिरा केला, छापखान्यात फोन केला, डॉक्टरांना फोन केला. निशिकांत शिरा गिळत राहिला. इतक्या आनंदातून माघारी कसे फिरायचे, ते त्याला कळेना. दुसऱ्या दिवसापासून तो बहुतेक ओळींना "बरोबर" म्हणू लागला. चार-सहा ओळींमागे एकदा "हे नीट लागलं नाही" म्हणे, म्हणजे खरे वाटावे.

मधे एकदा भूपाल भेटायला आला. गुळाची ढेप खांद्यावर घेऊन दोन जिने चढला.

"वैनी, हे रक्त कुणाचं?" त्यानेच विचारले.

"तुमचंच. टाच फाटलीय. खिळा घुसलाय बघा."

"अस्सं का. मला वाटलं, सरांच्या घरी मांजर हाय, उंदीर मारला असंल." वैजयंती हसली. किती दिवसांनी हसली. पट्टी बांधून घेताना भूपालचा आवाज मात्र उतरला. "नातीला हात धरून चालवतो, सर. ती खड्यावर थबकली तरी मला कळत न्हाई, मी आपला पुढं. पडली की रडती, तवा कळतं. मग तिची आई घेती तिला. काय बोलत न्हाई, पन घेती." चहा पिऊन झाल्यावर त्याने कपबशा स्वतः विसळून ठेवल्या. तो नळाचा आवाज निशिकांतने शेवटपर्यंत ऐकला. आपण खाली येणारा रस्ता मागितला असता, तर आज त्या कपबशा आपण विसळल्या असत्या.

अक्षरे येत नव्हती, पण दुसरेच काही येत होते, आणि ते त्याने कुणाला सांगितले नव्हते. वैजयंतीने बोट धरले की तिची पकडही गालावर उमटायची. पूर्वी त्या हाताची ओळख त्याला तोंडपाठ होती. आता तो हात महिन्यामहिन्याला बदलत होता. तळवा फुटला होता. अंगठा वाकायचा बंद झाला होता. साडेदहानंतर पकड थरथरायची. ती तोंडाने म्हणे, "मला काय धाड भरलीय," आणि गाल त्याला वेगळेच सांगे. थांब म्हणावे, असे रोज मनात यायचे. पण थांबायचे, तर खोटे कबूल करावे लागणार होते.

अकराव्या महिन्यातला गुरुवार होता. ती वाचत होती, बोट सरकवत होती.

"'दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे.'"

"बरोबर."

"'त्यामुळे येथील बहुतेक नद्या पूर्ववाहिनी आहेत.'"

"बरोबर."

अशा दहा ओळी झाल्या. मग तिने वाचणे थांबवले. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. तिने त्याचे बोट सोडले नव्हते.

"पान उलटं ठेवलंय मी," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

चार दिवस. रोज चार तास, एका अक्षरालाही अर्थ नसलेल्या ओळी, आणि बहुतेक ओळींना त्याचे "बरोबर".

"सोमवारीच का नाही बोललीस?"

"वाटलं, आज ओळखतील. मग वाटलं, उद्या ओळखतील." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "पठारसुद्धा नव्हतं ना लागलं?"

"नाही."

"मी शिरा केला होता."

"हो."

मग निशिकांत म्हणाला, "वैजू, तुझा अंगठा वाकत नाही."

"कोण म्हणालं?"

"मधल्या बोटाला पट्टी आहे. काल नव्हती. आणि आत्ता हात थरथरतोय."

ती दचकली. हात पटकन मागे गेला आणि गाल एकदम उघडा पडला. "तुम्हाला हे..."

"गालावर कळतं. पहिल्या दिवसापासून. अक्षरं नाही लागत, तू लागतेस. तू किती झिजलीस ते मला रोज कळत होतं आणि मी 'बरोबर' म्हणत होतो." त्याला आणखी खूप सांगायचे होते. "पुरे कर आता. पुस्तक छापखान्यात परत दे. माझी निवड चुकली."

तिने नाक ओढल्याचा आवाज आला. मग जाड कागद करकरला. ती पान फिरवत होती.

"तेरा महिने राहिलेत," ती म्हणाली.

"आणि त्यानंतरही नाहीच फिरला नकाशा तर? तोवर तुझे हात राहतील का?"

तिने त्याची तर्जनी पुन्हा उचलली. तो न वाकणारा अंगठा, ती पट्टी, ती थरथर, सगळे गालावर येऊन टेकले. त्याच्यामागून दाणे आले. तिने तीच ओळ पुन्हा वाचली, शब्द न् शब्द सावकाश. निशिकांतने सगळा जीव त्या चार बोटे जागेत गोळा केला. एका जागी दोन दाणे एकावर एक आल्यासारखे वाटले. की ते तिच्या हाताचे थरथरणेच होते?

ओळ संपली. ती वाट पाहत होती.

"खरं सांगा आता," ती म्हणाली. "बरोबर, की थांबू?"