पाळीवरची राजधानी

थांबा : राजवाडा

नवेगाव बांधच्या तलावाच्या पाळीवर दुर्गेश्वरी उलटी चालत होती, समोर नसलेल्या पर्यटकांशी बोलत. "हा भोसल्यांचा राजवाडा... जरा पुढे या—"

"मागं धान हाये."

उशीर झाला होता. तिची चप्पल वाळत घातलेल्या धानात रुतली. धानवाला हिमांशू फावड्यावर हात टेकून बघत होता.

"उलटी कायले चालून राहिली?"

"गाईड लोकांना पाठ दाखवत नाही. नागपुरात परीक्षा आहे. जमलं तर तिथंच नोकरी." परीक्षेसाठी तिनं बोलणंही पुस्तकी करून टाकलं होतं.

"लोक कुठं हायेत?"

"तू हो."

तो झाला.

थांबा : किल्ला

रोज संध्याकाळी धान गोळा करून तो सोबत चाले. मासे उतरवायची जागा म्हणजे सीताबर्डीचा किल्ला. ती राजे सांगायची, तो म्हणायचा, "डावीकडं गोटा हाये." ती न बघता पाय उचलायची. पुढे पुढे गोटा नसला तरी तो सांगू लागला. तिला ते कळलं होतं. तरी पाय उचलायची.

थांबा : विधानभवन

"हिवाळ्यात सरकार मुंबईहून येतं. तेवढ्यापुरती नागपूर राजधानी."

"आन् मंग?"

"परत जातं."

"सरकार जाते," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "तू?"

"हा प्रश्न परीक्षेत नाही."

थांबा : झिरो माईल

खरं नागपूर, खरे पर्यटक, बाजूला परीक्षक बाई. दगडी खांबापाशी दुर्गेश्वरीचं वाक्य तुटलं. "इथून... इथून..." गोंड राजे, भोसले, इंग्रज, सगळे एकदम निघून गेले. पायही थांबले.

घोळक्यातून सावकाश आवाज आला, "मॅडम, मागं धान हाये."

मागे डांबर होतं. तिनं पाय उचलला. वाक्य सापडलं.

निवड झाली.

थांबा : बसस्टँड (नकाशात नाही)

"काऊन आला?" पुस्तकी बोलणं विसरून तिनं विचारलं.

"राजधानी पाहू म्हटलं."

"पाहिली?"

"उलटी चालून राहिली होती... समोरून दिसली."

ती म्हणाली, "उन्हाळ्यात इथं कोणी फिरायला येत नाही. तेव्हा मी परत..."

"सरकार तारीख सांगून जाते."

"उन्हाळी धान कापायच्या आत."

गाडी लागली. तो तिच्याकडे तोंड करून, उलटा, गाडीकडे निघाला.

"मागं पायरी हाये," दुर्गेश्वरी म्हणाली.

पायरी अजून बरीच लांब होती. त्यानं पाय उचलला.