डाव्या हाताची वही

“जरा वही सरकवा ना इकडे… कॉपी मारू द्या.”

तिने मान वर केली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक उंच, सावळा माणूस बसला होता. अंगात ड्रायव्हरचा जुना खाकी शर्ट, मांडीवर कोरी वही, कानामागे पेन आणि अभ्यास न करता परीक्षेला आलेल्या मुलासारखा चेहरा.

उपचार केंद्रातल्या समुपदेशक मॅडमचा नियम साधा होता. रोज सकाळी उठायचं, स्वतःबद्दल पाच चांगली वाक्यं लिहायची आणि मंगळवारी, शुक्रवारी येऊन ती दाखवायची. ती हे इमानेइतबारे करत होती. स्कूटरवरून पडली तेव्हा तिच्या खांद्यातल्या नसा तुटल्या होत्या आणि उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर झाला होता. त्याआधी सहा वर्षं ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावायची. तिने लावलेली कॉलर कधी परत आली नाही. आता तो हात झोळीत घालून गळ्यात अडकवलेला असायचा. डावा हात पहिलीतल्या पोरीसारखी वेडीवाकडी अक्षरं काढायचा – मी खंबीर आहे. मी पुरेशी आहे. मी रोज थोडी थोडी बरी होते आहे. लिहून झालं की तिला स्वतःचीच चीड यायची. कारण त्यानंतर ब्लाउजची बटणं लावायला वहिनीला हाक मारावी लागायची.

“माझी खासगी वही आहे ही,” ती म्हणाली.

“वाचत नाही हो, नुसती उतरवून घेतो. माझ्याबद्दल पाच चांगली वाक्यं मला सापडली असती, तर मी इथे कशाला आलो असतो?”

तिला हसू आलं. किती दिवसांनी… तिलाच नवल वाटलं. तिने शर्टांच्या कारखान्याचं नाव छापलेली ती वही सरकवली.

त्याने घाईघाईत सगळं उतरवलं आणि आत गेला. दार नीट लागलं नव्हतं. मॅडमचा आवाज बाहेर आला, “तुम्ही ‘पुरेशी’ कधीपासून झालात?”

तो बाहेर आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. “टेलरबाई, सांगायचं तरी!”

“चोरी करणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, ड्रायव्हरसाहेब.”

तो खरोखरच ड्रायव्हर होता. शहरातली बस चालवायचा. एक दिवस स्टिअरिंगवर असतानाच त्याला फिट आली आणि बस खांबावर जाऊन धडकली. माणसं वाचली, पण त्याचा परवाना गेला. दोघांच्याही हाताचं काम हिरावलं गेलं होतं. त्यामुळे त्यांना एकमेकांना फार काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग मंगळवार आणि शुक्रवार यांच्या मधले दिवस तिला लांब वाटू लागले. तो तिच्यासाठी चहाचा कप धरून उभा राहायचा, पण मदत केल्याचा आव आणायचा नाही. ती त्याला शब्द पुरवायची.

“आज काय लिहू माझ्याबद्दल?”

“लिहा – मी सुंदर आहे.”

“हे तुमचं मत समजू का?”

“मी… मी फक्त वाक्य सांगितलं.”

“मग मी जरा ठळक अक्षरात लिहितो.”

एका शुक्रवारी दोघं परतीच्या बसथांब्यावर उभे होते. पावसाची भुरभुर होती. तो काहीतरी सांगत होता, “तुम्हाला एक विचारायचं होतं –” आणि वाक्य तिथेच तुटलं. त्याचे डोळे फिरले. तो खाली कोसळला.

लोक गोळा झाले. कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी तोंडात चमचा घाला. “हात लावू नका कुणी!” ती ओरडली. एका हाताने त्याला कसंबसं कुशीवर वळवलं, आपली पिशवी डोक्याखाली सरकवली आणि भिजत बसून राहिली. तीन मिनिटांनी त्याचं शरीर शांत झालं. डोळे उघडल्यावर त्याने आधी तिला पाहिलं, मग स्वतःच्या ओल्या पँटकडे. त्यानंतर त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

मंगळवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिचे कागद चाळले, चष्मा काढला आणि म्हणाले, “दीड वर्ष झालं. जे परत यायचं होतं, ते एव्हाना आलं असतं.” घरी येऊन तिने वही उघडली. पानामागून पान तेच – मी बरी होते आहे, मी बरी होते आहे. आपण इतके दिवस कुणाला फसवत होतो? दादाने जेवायला बोलावलं, तर भूक नाही म्हणाली. दोन दिवस तिने केसही विंचरू दिले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तिने केंद्रातून त्याचा पत्ता मिळवला.

दार त्याच्या ताईने उघडलं. घरभर खोकी बांधलेली होती. “आमच्या ह्यांची बदली झाली,” ताई म्हणाली. “याला एकटं ठेवू नका म्हणालेत डॉक्टर. बरोबर घेऊन चाललोय.” मग ताई खाली सामान बघायला गेली.

तो गुंडाळलेल्या गादीवर बसला होता.

“न सांगता निघाला होतात?”

“काय सांगणार? तुम्ही मला तसं पाहिलंत… रस्त्यात.”

“मला बटण लावता येत नाही. वहिनी लावते. घ्या, आता फिटंफाट.”

तो हसला नाही. “त्या दिवशी विचारायचं राहिलं,” तो खाली बघत म्हणाला. “बरं झालं राहिलं. धड माणूस असतो, तर लग्नाचं विचारलं असतं.”

“आणि मी धड असते, तर हो म्हटलं असतं.” ती म्हणाली. “मला आवडता तुम्ही. पण थांबा म्हणायला माझ्याकडे घर नाही. मीच दादाच्या घरात राहते. डॉक्टर म्हणाले, हात येणार नाही. कधीच.”

खालून ताईने हाक मारली.

तो उठला. झोळीतून तिचा उजवा हात अलगद बाहेर काढला आणि दोन्ही हातांत धरला.

“कळतंय?”

“नाही,” ती म्हणाली. त्याच्याशी तिला खोटं बोलायचं नव्हतं.

त्याने आणखी घट्ट धरला. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली तिला दिसली. “आता?”

“नाही… पण सोडू नका.”

दुसरी हाक आली. ट्रकचं इंजिन सुरू झालं. दोघंही हलले नाहीत. खिडकीला पडदे नव्हते. सगळं ऊन त्या दोन हातांवर पडलं होतं आणि ती डोळे न मिटता बघत राहिली.

तिसऱ्या हाकेला त्याने हात सोडला. तेही तिला बघूनच कळलं.