चौकटीबाहेरच्या तारखा

लंकानं कानिफनाथाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचं तोंड घमेल्यात होतं. प्रेमात पडायला याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. सकाळपासूनची ही सातवी उलटी, केस कपाळाला चिकटलेले, डोळे खोल गेलेले... आणि ओसरीच्या पायरीशी सायकल टेकवून, खांद्याला खाकी पिशवी अडकवलेला एक उंच सावळा तरुण उभा. त्यानं सवयीनं आपला सरकारी प्रश्न टाकला,

"घरात कुनाला ताप?"

"ताप न्हाई," लंका घमेल्यातूनच म्हणाली, "पन तुमी असंच बघत उभं ऱ्हायला तर मला येईल."

त्याला हसू आलं. अशा वेळी हसणारा माणूस एक तर मूर्ख असतो, नाही तर चांगला. लंकाला तेव्हा तो मूर्खच वाटला.

तो हिवतापाच्या खात्यातला, या गावाला नुकताच नेमलेला. दर पंधरवड्याला घरोघर जायचं, कुणाला ताप आला का विचारायचं, अंग तापलेलं असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, आणि दाराशेजारी भिंतीवर रंगवलेल्या चौकटीत तारीख घालून सही करायची. गाव अशा माणसाला नावानं ओळखत नाही. टाकळवाडीत त्याला सगळे 'मलेरिया' म्हणत. "मलेरिया आला गं," अशी हाक आळीत फिरली की बाया दारात यायच्या.

साल बहात्तर, मे महिना. गाव मुळा नदीच्या काठचं, तरी विहिरीनं तळ दाखवला होता आणि उरलंसुरलं गढूळ पाणी पिऊन निम्मी आळी आडवी झाली होती. लंकाची आई गोजरबाई तिच्या उशाशी रिकामा तांब्या घेऊन बसली होती. पाणी पाजलं की बाहेर पडतं, तेव्हा पाजायचंच नाही, असं घरात ठरलं होतं.

"पानी बंद केलंय?" कानिफनाथाचं हसू मावळलं. "मावशी, आदी पानी उकळा. गार झालं की तांब्याभर पान्यात चिमूटभर मीठ अन् मूठभर साखर. चमच्या-चमच्यानं पाजा. ओकली तरी पाजा."

"तुझं काम तापाचं," लंकाचे वडील कारभारी आबा ओसरीवरून खेकसले. "पोटाचं तुला काय कळतं?"

"पाथर्डीकडं माझी धाकटी बहीन अशीच... तिचंबी पानी बंद केल्तं आमी." कानिफनाथ खाली बघत म्हणाला, "तेवढंच कळतं, आबा."

गोजरबाईनं चूल पेटवली. अंग कोमट लागतंय म्हणून त्यानं नियमाप्रमाणे लंकाचं बोट धरून थेंबही घेतला. सुई टोचली तेव्हा तिनं 'स्स' सुद्धा केलं नाही. दचकला तो. जाताना त्यानं गेरूच्या खड्यानं भिंतीवर लिहिलं, ४-५-७२, आणि सहीच्या जागी नुसतं 'का'.

दुसऱ्या दिवशी उजाडायला तो पुन्हा दारात.

"पंधरवडा भरला व्हय?" लंका अंथरुणातून म्हणाली. आवाज पार खोल गेला होता, पण जीभ शाबूत होती.

"न्हाई. पन... पानी पोटात ऱ्हातंय का बघावं म्हनलं."

"ऱ्हातंय. बघितलं न्हवं? जावा आता."

तो गेला, पण तारीख घालून. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. आपल्या कामाच्या गावांना जायच्या आधी सहा मैल सायकल हाणत यायचा, गोजरबाईला पाणी उकळलं का विचारायचा, आणि लंकाकडे न बघता लंकाचीच चौकशी करायचा. चौकटीत चारच जागा शिल्लक होत्या, त्या संपल्या. पाचव्या दिवसापासून तारखा चौकटीबाहेर, खाली खाली उतरायला लागल्या.

"रोज कशाला लिवताय वो?" लंकानं विचारलं. आता ती भिंतीला टेकून बसत होती, हातात तांदळाच्या पेजेची वाटी होती. "नियम पंधरा दिसांचा हाय ना?"

"आलो तर लिवायचं, असा नियम हाय."

"मग येऊ नगा."

"पंधरा दिसांतून एकदा तरी यावं, असं लिवलंय." त्यानं गेरूचा खडा खिशात टाकला. "जास्त येऊ नये, असं कुटं न्हाई. मी दोनदा वाचलंय."

लंकानं वाटी तोंडाला लावली. पेज संपली होती, पण हसू लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

सहाव्या दिवशी ती भिंत धरून न्हाणीपर्यंत गेली. पाय लटपटत होते. अंगणातल्या कडुलिंबाच्या फुलांचा वास आला आणि आठवडाभरात पहिल्यांदा तिला कुठल्या वासानं मळमळलं नाही. त्या दिवशी कानिफनाथानं खिशातून एक लिंबू काढून तिच्या तळहातावर ठेवलं. त्या उन्हाळ्यात लिंबू मिळणं सोपं नव्हतं.

"हेबी नियमात हाय?" तिनं विचारलं.

"ह्याचं... काईच लिवलेलं न्हाई," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

आता आबांचं दुखणं निराळं होतं. अठरा तारखेला, गुरुवारी, श्रीगोंद्याचे पाहुणे लंकाला बघायला येणार होते. मुलगा साखर कारखान्यात टाइमकीपर, घरचा बारमाही ऊस. असं स्थळ हातचं जायला नको म्हणून आबांनी घरात फर्मान काढलं, की पोटाचं अक्षरही बाहेर काढायचं नाही. नाजूक पोटाची पोरगी कोण करून घेईल? वाळली का विचारलं तर उपास केले म्हणून सांगायचं.

"मी काय चोरी केली व्हय?" लंका उसळली. "मरता मरता वाचले, ते लपवू कशाला? अन् मला विचारलंय का कुनी, श्रीगोंद्याला जाती का म्हनून?"

"हाच एक ताप हाय माझ्या घरात!" आबांनी कपाळाला हात लावला.

नवव्या दिवशी, बारा तारखेला, लंकानं पहिली भाकरी खाल्ली. कानिफनाथ आला तेव्हा ती ओसरीवर खांबाला टेकून उभी होती.

"भाकरी पचली का?"

"भाकरी पचली." ती सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "गुरुवारचं पचंना. बघायला येनार हायेत मला. ऊसवालं."

त्याच्या हातातला खडा तारखेच्या मधेच मोडला. उरलेला तुकडा घेऊन त्यानं कसंबसं लिहिलं. "चांगलं हाय," तो म्हणाला. "पाटाचं पानी असंल तिकडं. आमच्याकडं... नुसता फुफाटा." आणि सायकलवर बसून गेला.

तेरा तारखेला तो आला नाही. चौदाला नाही. पंधराला लंकानं भिंतीकडे पाठ करून जेवण केलं. भेकड कुठला, ती मनात म्हणाली. मला पाणी प्यायला शिकवलं आणि स्वतःच्या तोंडून शब्द फुटेना! राग असा आला की दोन भाकऱ्या खाल्ल्या. आई म्हणाली, पोरगी सुधारली.

गुरुवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आणि रिटायर हेडमास्तर असलेले त्याचे बन्सीमामा. मामांना जे दिसेल ते वाचायची सवय. लंका पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आली.

"मुलगी जरा वाळलेली दिसते," मामा म्हणाले.

"उपास लई करती," आबांनी पाठ केलेलं वाक्य टाकलं.

तेवढ्यात शेजारच्या दगडाबाईनं कुंपणापलीकडून आनंदानं आरोळी दिली, "लंके, तुझा मलेरिया आला गं!"

मामांचा चमचा तोंडाशी थांबला. "मुलीला मलेरिया आहे?"

"न्हाई, न्हाई!" आबा गडबडले. "मलेरिया म्हंजे... मानूस हाय."

"माणूस? तिचा?"

आबांना घाम फुटला. दारात कानिफनाथ सायकल धरून उभा होता. आज पंधरवडा भरला होता. ओसरीखालची अनोळखी पायताणं बघून तो मागे फिरायला लागला, पण लंकाची नजर त्याच्यावर पडली आणि तो जागीच थिजला. इकडे मामांचे डोळे भिंतीवर गेले होते. ते मोठ्यानं वाचू लागले, "चार, पाच, सहा... बारा. रोज? ही माणसं पंधरवड्याला येतात, आमच्या गावातही येतात." त्यांनी ताटली खाली ठेवली. "कारभारी, काही तरी मोठं दुखणं आहे. आधी मुलीच्या तब्येतीचा दाखला आणा, मग पुढचं बोलू."

आबांची मान खाली गेली. ती खाली गेलेली मान लंकाला बघवली नाही.

"दाखला भितीवर हाय, मामा," ती म्हणाली. "तुमी आत्ताच वाचला की. उलट्या-जुलाबानं मरायला टेकले हुते मी. उपास-बिपास काई केला न्हाई. नऊ दिस झुंजले अन् उठले. नऊ सह्या हायेत त्याच्या. तुमच्या भाच्याच्या पोटाची एक तरी सही आना, मग मलाबी बोलता यील."

टाइमकीपरनं पोह्यांकडे जाणारा हात मागे घेतला.

"मुलगी फार बोलते," मामा उठत म्हणाले.

"व्हय. पानी मिळालं की बोलते."

पाहुणे गेले. पोहे तसेच राहिले. आबा आत गेले आणि चुन्याची बादली व कुंचा घेऊन बाहेर आले. लंका भिंतीला पाठ लावून उभी राहिली. अजून अंगात फारसं बळ नव्हतं, पण ती हलली नाही.

"बाजू हो."

"न्हाई व्हनार. ह्यातल्या कुठल्या दिशी मी वाचले, मलाबी ठावं न्हाई, आबा. एकबी पुसू देनार न्हाई."

गोजरबाईनं पुढे होऊन नवऱ्याच्या हातातला कुंचा काढून घेतला. "पानी मी बंद केल्तं," ती म्हणाली. "पुसायचं असंल तर ते पुसा."

मग पायरीवर पाऊल वाजलं. कानिफनाथ वर आला, घसा खाकरला, आणि त्याला दुसरं काही सुचेना म्हणून त्यानं तेच विचारलं,

"घरात... कुनाला ताप?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग ते मटकन पायरीवर बसले.

"हाय," ते म्हणाले. "एकच हाय. एकोनीस वर्सांचा. औशिद चालत न्हाई त्याच्यावर. घेऊन जातूस?"

"जमीन कोरडवाहू हाय, आबा. नोकरी सायकलवरची." कानिफनाथाच्या तोंडून शब्द आता एकदाचे सुटले. "पन जातो. त्यांनी व्हय म्हनलं तर."

"सहा दिस कुटं हुता?" लंकानं विचारलं. व्हय नाही, की न्हाई नाही.

"पाचच झाले. तेरा ते सतरा..."

"मोजलं मातूर बरूबर! जास्त येऊ नये असं कुटं लिवलं न्हाई, दोनदा वाचलंय म्हनला हुता की."

"आलो हुतो." त्यानं मान वर केली. "रोज आलो. फाट्यापातूर. तिथनं तुमचा लिंब दिसतो. तो बघायचा अन्... माघारी जायचं."

लंका भिंतीपासून बाजूला झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला आज वाटीही नव्हती.

"आलो तर लिवायचं, असा नियम हाय ना?" ती म्हणाली. "मग लिवा त्याबी."

कानिफनाथानं खडा काढला. गुडघ्यावर बसून एकेक तारीख लिहिली, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, आणि प्रत्येकीपुढे सही केली. शेवटी लिहिलं १८-५-७२, का. मग लंकानं त्याच्या हातातला खडा घेतला आणि त्या 'का'च्या शेजारी, थोडं अंतर ठेवून, लिहिलं 'लं'.

"झालं का लिवून?" आबा चुन्याची बादली बाजूला सारत म्हणाले. "पोहं गार व्हायला लागलं. खा की कुनीतरी."

लंकानं टाइमकीपरची ताटली पुढे ओढली. तिला सपाटून भूक लागली होती.