खडकावरच्या चपला

दाक्षायणी होडीत बसली ती डोळे मिटूनच. एका हातानं होडीची कड घट्ट धरलेली, दुसरा हात लसीच्या थंड पेटीवर. सोलापुरात भवानी पेठेत वाढलेली पोर. पाणी म्हणजे तीन-चार दिवसांआड नळाला येतं आणि बादल्या भरल्या की संपतं, एवढीच तिची पाण्याशी ओळख. आणि इथं, करमाळ्याच्या पार टोकाला, उजनी धरणाचं पाणी असं पसरलेलं की पलीकडचा काठ शोधावा लागावा. पण जनावरांच्या दवाखान्यात नोकरी धरली म्हणजे जिथं म्हशी तिथं जाणं आलं. आणि चाळीस म्हशी नेमक्या पलीकडच्या वस्तीवर लसीसाठी खोळंबलेल्या.

बराच वेळ झाला तरी होडी हलेना. तिनं एक डोळा उघडला. काठावर एक उंच, सावळा, दाढी वाढलेला गडी होडीच्या दोरावर पाय ठेवून निवांत उभा होता. हातात केशरी जाकीट.

"हे घातल्याबिगर होडी सुटायची न्हाय, म्याडम."

जाकिटाला माशांचा असा काही वास होता की तिनं नाकच मुरडलं. "अहो, लस गरम होईल. म्हशी थांबल्यात तिकडं."

"म्हशी थांबत्याल की. त्यास्नी कुटं जायचंय? तुमी पडला तर आमाला हुडकाय उतराय लागतंय. अन् आज पाणी लई गार हाय."

तिनं जाकीट घातलं. रागात घातलं, म्हणून उलटं घातलं. त्यानं ते न हसता नीट करायला सांगितलं, पण ओठाच्या कोपऱ्यात जे दडवलं होतं ते तिला दिसलंच. आणि मेलं, पलीकडं पोचेपर्यंत तेच डोळ्यांपुढं राहिलं... घाबरायचं राहूनच गेलं.

त्याचं नाव सयाजी, गाव अलीकडच्या काठावरचं धारवाडी. घरची चार एकर केळी, घरात एकटी आई, मुक्ताबाई. आणि गावच्या जलरक्षक पथकात फुकटची चाकरी. पथक म्हणजे सरकारी काही नव्हे. गावातलेच वीस-बावीस जण, केळीवाले, मासे धरणारे, एक शिंपी, एक शाळेतला शिपाई. दर रविवारी सकाळी सराव करायचा, आणि होडी उलटली, पोहायला उतरलेलं कुणी अडकलं, की हातातलं काम टाकून पळायचं. प्रमुख कोंडीबा, साठी उलटलेले, जन्मभर होडी वल्हवलेले. त्यांचा एक कायदा फार कडक. पाण्यात उतरणाऱ्यानं चपला घाटाजवळच्या सपाट खडकावर रांगेत काढायच्या, आणि वर आला की आधी चपला घालायच्या, बाकी सगळं नंतर. कागद भिजतो, माणूस थापा मारतो, चपला खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. खडकावर जोड उरला म्हणजे माणूस पाण्यात उरला. लगेच शोध सुरू.

बरं, लस टोचायची असते वर्षातून दोनदा. आणि ही बाई धारवाडीला जायला लागली महिन्यातून चारदा! त्यातही रविवारी, कारण म्हणे रविवारी माणसं घरी सापडतात. कधी वासराचं पोट, कधी शेळीचा खूर. धारवाडीच्या जनावरांची प्रकृती एकाएकी इतकी नाजूक कशी झाली, हे दवाखान्यात कुणालाच कळेना.

एकदा सयाजीनं निरोप धाडला, म्हैस खात नाही, लवकर या. ही धावत गेली. बघते तर म्हैस कडब्यात तोंड खुपसून उभी, मान वर करायला तयार नाही.

"चांगली खातीय की हो ही."

"म्हैस खातीया," सयाजी खालमानेनं म्हणाला. "मालकाला जेवण जात न्हाय... त्याला काय औषिद हाय का तुमच्यात?"

"आमच्यात सुई आहे," ती म्हणाली. "ही एवढी. मालकाला चालेल?"

"तुमी टोचणार असला तर चालंल."

तिनं पेटी आवरायचं निमित्त करून तोंड फिरवलं. कान तापले होते, आणि मुक्ताबाई दारातून चहाचे कप घेऊन येताना गालात हसत होती.

असं सगळं गोडीगुलाबीत चाललेलं. पण माघात रोहित पक्षी बघायला आलेल्या पाहुण्यांची होडी कलंडली. त्या दिवशी दाक्षायणी काठावरच होती. सयाजीनं एकामागून एक चार माणसं बाहेर काढली आणि पाचव्यासाठी खाली गेला. गेला तो गेलाच. कोंडीबा तोंडानं आकडे मोजत होते, आणि त्यांच्यामागून हीही. मग तो वर आला, माणूस घेऊन, हसत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही मात्र पाठ फिरवून, गावोगावची माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये जाऊन बसली आणि करमाळ्यापर्यंत तोंडाला ओढणी लावून रडली.

त्यात सोलापूरहून वडिलांचा फोन. मडिवाळप्पांचं भवानी पेठेत चादरींचं छोटं दुकान, माणूस सरळमार्गी. अक्कलकोटच्या कापडवाल्यांचा मुलगा बघायला येणार होता, चैत्रातल्या दुसऱ्या रविवारी. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? जो आवडला होता तो तर पाण्यात जाणारा, आणि जातीपातीचं निराळंच.

पहिल्या रविवारी ती धारवाडीला आली. काम आटोपून घाटावरून फाट्याकडं निघाली तेव्हा पथकाच्या होड्या लांब, बुडालेल्या जुन्या गावाच्या भिंतींपलीकडं गेल्या होत्या. सयाजी एकटाच पोहत परत आला होता. तिला बघून तसाच ओल्या कपड्यांनी आला, पेटी हातातनं घेतली आणि बरोबर चालायला लागला. केळीच्या बागांमधला मैलभराचा रस्ता. काय बोलले? काही नाही. आणि पुष्कळ. तिच्या लहानपणी दुकानातल्या चादरींच्या ढिगात ती झोपून गेली आणि घरच्यांनी पेठभर शोधलं, ते बोलले. त्याला पाण्याचा रंग बघून खोली कशी कळते, ते बोलले. मधेच तो एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिला, तळव्यातला बाभळीचा काटा उपसून फेकला आणि तेच वाक्य पुढं सुरू केलं. ती हसली, तो हसला.

फाट्यावर पेटी खाली ठेवून त्यानं सरळ विचारलं. "माज्याशी लगीन करशीला?"

तिला वाटलं होतं, अजून आडवळणं घेईल. ती जीपकडं बघत राहिली.

"मला भीती वाटते हो. तुम्ही खाली जाणार, आणि मी काठावर आकडे मोजत उभी. जन्मभर?"

तो म्हणाला, "पाणी सोडतो असं म्हणलं तर तुमी आत्ता हो म्हणशीला. पण ते खोटं हुईल. बोलावणं आलं की मी जानारच... तरीबी इचारतोय."

मेल्याला एक खोटं बोलता येईना! तिला राग आला आणि त्याच रागात तो अजूनच आवडला. पुढच्या रविवारी पाहुणे येणार आहेत, त्याआधी सांगते, असं ती म्हणाली. जीपमध्ये चढताना मागं वळली. "आणि ती दाढी करा. विचारणारा माणूस आहे की अस्वल, कळत नाही."

जीप निघाली. अर्धा तास झाला असेल, ड्रायव्हर येडूचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यानं गाडी बाजूला घेतली.

"धारवाडीचा सयाजी गेला म्हनत्यात पाण्यात. चपला खडकावर हाईत, माणूस न्हाय."

शेजारी बसलेल्या बजाबाईंनी तोंडावर पदर धरला. दाक्षायणीला मात्र काहीच ऐकू येईनासं झालं. माझ्यामुळं गेला, एवढंच मनात. हिरमुसून परत पाण्यात गेला, आणि मी त्याला अस्वल म्हणाले. हो म्हणायचं होतं मला! पहिल्या दिवसापासून हो होतं, आणि मी बसले होते मोजमाप करत. आता कुणाला सांगू?

"कधी गेला?" तिनं कसंबसं विचारलं.

अकराच्या सुमारास होड्या परत आल्या तेव्हाच जोड एकटा दिसला, तेव्हापासून शोधतायत, असं येडूनं सांगितलं.

अकरा? अकराला तर तो केळीच्या रस्त्यावर तिच्याशी बोलत होता. चालत होता. एका पायावर उभा राहून काटा... काटा! चपला असत्या तर तळव्यात काटा घुसला कसा असता? अगं बाई, तो मैलभर अनवाणी आला होता, आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

तिनं त्याला फोन लावला. घाटावर पिशवीत राहिलेला तो फोन कुणीतरी उचलला, नुसता वारा आणि आरडाओरडा ऐकू आला आणि कटला. येडू म्हणाला, वारं सुटलंय, माणसं जुन्या भिंतींत बुड्या मारतायत, शिंप्याचा खांदा फाटला. जो पाण्यात नाहीच त्याच्यासाठी कुणाचा जीव गेला तर?

"गाडी फिरवा," ती म्हणाली. "तो पाण्यात नाही. अकराला माझ्याबरोबर होता."

बजाबाईंनी पदर खाली घेतला. "तुज्यासंगं? कुटं?"

वडापमध्ये सांगितलं म्हणजे तालुक्याला सांगितलं, हे तिला ठाऊक होतं. उद्या सोलापुरात, परवा अक्कलकोटात. "केळीच्या रस्त्यानं. आम्ही दोघंच," ती म्हणाली. येडूनं गाडी फिरवली. कुणाला करमाळ्यात काम होतं, कुणाला पुढची एसटी गाठायची होती, पण उशीर होतो म्हणून एकानंही तक्रार केली नाही. सगळ्यांनाच पुढचं बघायचं होतं.

फाट्यावर तिनं मान बाहेर काढून बघितलं. तो दिसला नाही. तिनं येडूला अजून जोरात हाकायला सांगितलं.

घाटावर सगळं गाव लोटलं होतं. खडकापाशी मुक्ताबाई त्या जोडावर हात ठेवून बसली होती. रडत नव्हती, नुसती बसली होती. दाक्षायणी तिच्याजवळ थांबली नाही, तशीच पुढं पळाली, पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरली आणि कोंडीबांच्या होडीला हाका मारल्या. सयाजी पाण्यात नाही, फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आला होता, माणसं वर घ्या.

कोंडीबा होडी जवळ घेऊन आले, पण मानेनात. "चपला खोटं बोलत न्हाईत, पोरी."

"चपला खऱ्याच आहेत. माणूस विसरला त्या."

"मैलभर बाभळीच्या काट्यातनं? वीस वर्सं पाण्यात काडलेलं पोरगं चपला इसरतंय? कशापाई?"

वारा घोंघावत होता आणि काठावरचे सगळे कान तिच्याकडं लागले होते. पेटी उचलायला आला होता, एवढं सांगून भागलं असतं का? कोंडीबांनी अर्ध्या कारणावर शोध थांबवला नसता, आणि तिकडं शिंप्यानं पुन्हा बुडी घेतली होती.

"त्यांनी मला लग्नाचं विचारलं," दाक्षायणी सगळ्यांदेखत म्हणाली. "आम्ही बोलत होतो. पायाखाली काय आहे, ते त्यांनाही कळत नव्हतं आणि मलाही."

कोंडीबांनी तिच्याकडं बघितलं, मग शिट्टी फुंकली. एकेक डोकं पाण्याबाहेर आलं. मुक्ताबाई आता कुठं रडायला लागली.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. सयाजी लंगडत, धावत येत होता. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस वाळलेला. फाट्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात, रविवारच्या गर्दीत तासाभरानं नंबर लागून खुर्चीत बसला असताना न्हाव्याला फोन आला होता, धारवाडीला माणूस गेलं म्हणून. नाव न ऐकताच हा पळत सुटलेला.

"कोण हाय? कोण गेलं?" म्हणत त्यानं जाकीट उचललं.

"तू," कोंडीबा म्हणाले.

आधी आईनं एक ठेवून दिली, मग गळ्यात पडली. मग कोंडीबांनी कायदा सांगितला. चुकीचा शोध ज्याच्यामुळं झाला, त्याला तीन महिने पाणी बंद. सयाजीनं मान खाली घालून होकार दिला. शिंप्याच्या खांद्याला हात लावून माफी मागितली. कारण काय सांगू, म्हणाला, ते मला सांगता यायचं न्हाय, दुसऱ्याच्या घरची अब्रू हाय. तेव्हा शाळेचा शिपाई खो-खो हसत म्हणाला, कारण कधीच सांगून झालंय, तू उशिरा आलास.

सयाजीनं वळून बघितलं. ती अजून पाण्यातच होती, सलवार भिजलेली, केस वाऱ्यानं तोंडावर.

"तुम्ही गेलात असं मला खरंच वाटलं होतं," ती म्हणाली. "माझी भीती काही जाणार नाही. तुम्ही खाली गेलात की मी आकडे मोजणारच, आणि वर आलात की भांडणारच. पण हो. भीतीसकट हो."

अर्ध्या दाढीतल्या त्या माणसानं खडकावरच्या चपला उचलल्या आणि उलट्यासुलट्या पायांत घातल्या. बजाबाईंनी डोळे पुसले.

कोंडीबांनी घसा खाकरला. पाणी बंद म्हणजे पुढचा रविवारही मोकळाच, तर अक्कलकोटचे पाहुणे पोचायच्या आत पोरानं सोलापूर गाठावं, आणि जाण्याआधी उरलेला गाल करून घ्यावा, असं त्यांनी फर्मावलं.

दाक्षायणीनं तिथंच फोन लावला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी तिलाच सांगायचं होतं. मडिवाळप्पांना पहिल्यांदा वाऱ्याशिवाय आणि लाटांशिवाय काही ऐकू येईना. एल्लिद्दी, अव्वा, कुठं आहेस तू, म्हणून ते काळजीनं कधी कानडीत, कधी मराठीत विचारत राहिले.

"पाण्यात उभी आहे, अप्पा," ती म्हणाली. "आणि मला एक मुलगा आवडलाय."