कुलपातलं कव्हर

मी झोपेत दात खातो. सकाळी कानाखाली जबडा ठणकतो, भाकरीचा तुकडा चावत नाही. परवा रात्री चांदूर बाजारात लाइट गेली. आम्ही पोरं ओट्यावर बसलो होतो. खुशालकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "लेका, तुह्या दातांनं चार घरं जागी राह्यतात. कॉलेज सोडलं, हे काहून नाही सोडत?"

सगळे हसले. मी दात आवळले.

"मंग आयक. माह्या ओळखीतलं हाय, खोटं नाही."

बाळापूरचा देवमन. त्याचा पोरगा श्याम अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरकडून प्लास्टिकचं कव्हर घेऊन आला. झोपताना दातांवर चढवायचं, जबड्याला आराम मिळतो. रात्री दात खाऊन खाऊन श्यामचं तोंड उघडेनासं झालं होतं, वरणाच्या पाण्यावर जगत होता.

देवमननं ते हिसकावलं, डबीत घातलं, डबी कपाटात, किल्ली कमरेच्या करदोड्याला. "दात खाल्ले का घरातलं माणूस जाते! माहा बा बी असाच खाये. त्यालेही मी लय दटावलं."

बा म्हणजे पुंजाराम. शेवटी वर एक, खाली एक, समोरासमोरचे दोनच दात उरले होते. म्हातारा गाल धरून रडायचा. देवमननं दवाखाना दाखवला नाही. उन्हाळ्यात म्हातारा गेला, तेव्हा त्याचाच दुपट्टा फाडून अर्ध्यानं मढ्याचा जबडा बांधला. उरलेला अर्धा खुंटीवर राहिला.

सर्वपित्रीची रात्र. देवमननं तो अर्धा काढला आणि जित्या पोराचा जबडा बांधला. अशी अक्कल मोठ्यांनाच सुचते.

मध्यरात्री आवाज आला. कर्र... कर्र...

देवमन उठला. श्यामच्या तोंडाला हात लावला. गच्च बांधलेलं. हलत नव्हतं.

कर्र...

ओसरीवर पुंजारामची रिकामी खाट.

"बा...?"

...

कर्र... कर्र...

देवमननं पोराची गाठ सोडली. श्याम कसाबसा बोलला, "बाबा... माहं कव्हर..."

देवमननं कपाटाचं कुलूप काढलं. आवाज थांबला.

डबी उघडली.

काकांनी गोष्ट तिथंच सोडली. आता कोणी हसत नव्हतं.

"श्यामचं तोंड उघडलं का मग?" मी विचारलं.

"उघडलं. देवमन सोता अकोल्याले गेला, दुसरं कव्हर करून आणलं. आता भाकर खाते पोरगं."

"दुसरं काहून? पहिलं होतं ना?"

"वापरलेलं होतं."

"श्यामनं तर एकदाही लावलं नव्हतं!"

काकांचा हात गालावर गेला.

"वरून एका दाताचा खड्डा होता... अन् खालून एका."