एकसष्ट पाहुणे आणि कासारखेडचं पाणी

साल दोन हजार एकाहत्तर. एकतीस मार्चच्या संध्याकाळी धामणझिरा राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावरचा आकडा बरोबर पाच हजारांवर येऊन थांबला. एक कमी नाही, एक जास्त नाही. त्या दिवशी सातपुड्याच्या त्या रस्त्याला एकही गाडी लागली नव्हती. तरी फाटकाच्या संवेदकानं (जवळून जाणारं माणूस ओळखणाऱ्या यंत्रानं) दिवसभरात एकसष्ट माणसं मोजली होती. ही माणसं आली कुठून आणि गेली कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पडताळक आला. पडताळक म्हणजे राजधानीच्या कार्यालयाचा तपासणी करणारा यंत्रमानव. पोस्टाच्या पेटीएवढा, सहा चाकांचा, रंगानं राखाडी. तो फाटकाच्या आत गेला, मातीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग शांत आवाजात म्हणाला, "इथं एकसष्ट माणसं आलेली नाहीत. एकच चप्पल एकसष्ट वेळा आत गेली आहे आणि एकसष्ट वेळा बाहेर आली आहे. लहान मापाची आहे. डावी टाच झिजलेली."

मैनानं आपला डावा पाय हळूच उजव्या पायामागे नेला. पण आईचं लक्ष गेलंच. मैनाची आई, ज्योत्स्ना तायडे, त्या फाटकावरची वनरक्षक होती आणि मैना होती अकरा वर्षांची.

"मैना, काऊन केलं असं?" आईनं विचारलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज फक्त थकलेला होता.

"एकसष्टच कमी होते आई," मैना म्हणाली. "फक्त एकसष्ट."

आता हे एकसष्टाचं प्रकरण काय ते सांगायला हवं. त्या काळी नियम असा होता, की ज्या उद्यानात वर्षाला पाच हजार पाहुणे येतील त्यालाच सरकारी निधी मिळेल. कमी आले तर फाटक बंद, रक्षकांची दुसरीकडे बदली. नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. लोकांचा पैसा लोकांच्या उपयोगी पडावा, एवढंच त्यांना वाटत होतं. पण धामणझिऱ्यात वाघ सहसा दिसत नसे, रस्ता खडबडीत, त्यामुळे पाहुणे थोडे. पाहुणे थोडे म्हणून तिकीट वाढवलं आणि तिकीट वाढलं म्हणून पाहुणे आणखी घटले. पायथ्याच्या कासारखेड शहरातल्या लोकांना तर ते तिकीट परवडतच नव्हतं. चौदा किलोमीटरवर राहूनही त्यातल्या बहुतेकांनी हे जंगल आतून कधी पाहिलं नव्हतं.

फाटक बंद झालं तर आपल्याला इथून जावं लागेल, एवढंच मैनाला कळत होतं. आईला त्याहून पुढचं कळत होतं. आई आणि तिचे अकरा सोबती दर उन्हाळ्यात जाळरेषा काढायचे (वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा). ते निघून गेले तर पहिल्याच ठिणगीत उद्यानातलं वरचं सगळं पठार काळं होईल. ही काळजी घेऊन ती कितीतरी रात्री जागी होती. मैनाला ते माहीत होतं आणि म्हणूनच तिनं तो उद्योग केला होता.

"मी चार हजार नऊशे एकोणचाळीस लिहीन," पडताळक म्हणाला. "अहवाल तीन दिवसांनी पाठवायचा आहे. तोवर कोणाला काही सांगायचं असल्यास मी इथंच आहे."

मैना पळत गेली ती थेट आबांच्या खोलीत. आबा म्हणजे तिचे आजोबा, डॉक्टर पुंडलिक तायडे. माणसांचे नव्हे, पाण्याचे डॉक्टर. एकतीस वर्षं ते या पठारावर पडणाऱ्या पावसाचे नमुने बाटल्यांत भरून ठेवत आले होते. खोलीत कॉट कमी आणि बाटल्या जास्त, अशी परिस्थिती होती. मैनानं सगळं सांगितलं आणि शेवटी रडू फुटलं तेव्हा तेही लपवलं नाही.

आबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "खोटी माणसं मोजून जंगल वाचत नाई, पोरी. पण मोजायची राहिलेली खरी माणसं लय हायेत. ती शोधली का तू?"

"कोणती?"

आबांनी दोन बाटल्या तिच्यापुढं ठेवल्या. "यातली एक पठारावरच्या पावसाची, एक कासारखेडच्या धरणातली. कोणती कोणती, सांग."

मैनानं पाहिलं, वास घेतला. दोन्ही सारख्याच. "पाणी तर पाणीच असते ना आबा?"

"दिसायले. वजनात नाई."

मग त्यांनी तिला समजावलं. पाण्याच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो. बहुतेक अणू नेहमीच्या वजनाचे. पण साधारण पाचशे रेणूंमागे एकात ऑक्सिजनचा जड भाऊ बसलेला असतो (एकाच मूलद्रव्याच्या अशा कमीजास्त वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात). पिणाऱ्याला त्याचा काही फरक कळत नाही. ढगाला मात्र फरक पडतो.

"मोळ्या घेऊन बाया घाट चढतात तेव्हा आधी कोण बसते?" आबांनी विचारलं.

"जिची मोळी जड हाय ती."

"तसंच. ढग डोंगर चढू लागला का जड पाणी आधी खाली पडते. वर पोचेपर्यंत ढगात हलकं पाणी जास्त उरते. म्हणून पठारावरचा पाऊस खालच्या पावसापेक्षा जरासा हलका. आता धरणाचं पाहू. तिथं पाणी उन्हात पडून राहते. उन्हानं वाफ होताना हलकं आधी उडून जाते आणि जड मागं राहते. मग धरणाचं पाणी कसं?"

"जड," मैना म्हणाली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. "म्हणजे आबा, नळाचं पाणी वजन करून पाहिलं, तर ते कुठं पडलं होतं ते कळंल?"

"कळंल. फरक हजार जड रेणूंमागं चारपाच एवढासाच असते, पण ते यंत्र मोजते." त्यांनी कोपऱ्यातल्या वर्णपटमापीकडे (रेणूंचा प्रकार प्रकाशावरून ओळखणाऱ्या यंत्राकडे) बोट दाखवलं. "कासारखेडच्या काही नळांले जुन्या विहिरींचं पाणी येते, बाकीच्यांले धरणाचं. त्या विहिरीत पाणी येते कुठून, ते आजवर कोणी विचारलं नाई. माझा अंदाज हाय, पण अंदाजाले पुरावा लागते."

"किती बाटल्या लागतील?"

आबा तिच्याकडे पाहत राहिले. "तूच सांग."

"एकसष्ट," मैना म्हणाली.

पुढचे दोन दिवस ती आणि आबा कासारखेडमध्ये दारोदार फिरले. ऊन मी म्हणत होतं. मैना प्रत्येक घरी खरं तेच सांगायची: "मी जंगलात खोटी माणसं मोजली. आता खरं शोधून राहिलो. तुमच्या नळाचं पाणी देता का?" पहिल्या दोनतीन घरी तिची मान वर होत नव्हती. पण कोणी हाकललं नाही. लोकांनी पाणी दिलं आणि वर प्यायलाही दिलं. गवळीपुऱ्याच्या शेवटच्या घराला तेवढं कुलूप होतं. दारावर पाटी होती, गंगूबाई वानखडे. वाट पाहायला वेळ उरला नाही आणि बाटल्या साठच भरल्या.

तिसऱ्या दिवशी आबांच्या खोलीत पडताळक आला. मैनानं बाटल्या ओळीनं लावल्या होत्या. एक रिकामी होती.

"एक नमुना कमी आहे," पडताळक म्हणाला.

"घर बंद होतं," मैना म्हणाली. या वेळी रिकामी बाटली भरून टाकायचं तिच्या मनातही आलं नाही.

पडताळकाच्या पोटातून बारीक गुणगुण ऐकू आली. "माझं यंत्र तापू नये म्हणून माझ्यात पाणी फिरतं. इथं येताना ते मी कासारखेडच्या बसस्थानकावरच्या नळावर भरलं होतं. हा नमुना चालेल?"

आबांनी मान डोलावली. पडताळकाच्या कुशीतली छोटी तोटी उघडली गेली आणि एकसष्टावी बाटली भरली.

मोजणी दुपारपर्यंत चालली. एकसष्ट बाटल्यांतल्या सतरा धरणाच्या निघाल्या. चव्वेचाळीस बाटल्यांतलं पाणी हलकं होतं, आबांच्या एकतीस वर्षांच्या पावसाशी जुळणारं. पठाराचं गवत पावसाला धरून ठेवतं, खडकाच्या भेगांतून ते हळूहळू खाली झिरपतं आणि चौदा किलोमीटरवर विहिरीत उतरतं. ज्यांनी हे जंगल कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या घरी ते रोज सकाळी येत होतं.

"आणि साहेब, तुमचं पाणी?" मैनानं विचारलं.

यंत्रानं आकडा दाखवला. हलकं.

पडताळक म्हणाला, "मी सहा वर्षं उद्यानं तपासतो आहे. पाहुणा म्हणजे फाटकातून आत आलेला माणूस, एवढंच मला शिकवलं आहे. फाटकातून बाहेर काय जातं, याचा माझ्याकडे रकाना नाही. त्यामुळे मी चार हजार नऊशे एकोणचाळीसच लिहीन."

मैना बाटल्या आवरायला लागली.

"पण अहवालाला जोडपत्र लावायचा मला अधिकार आहे. त्यात या एकसष्ट बाटल्या लिहीन. एकसष्टावी माझी होती, हेही लिहीन."

नियम तो नियम. दहा एप्रिलला फाटकाला कुलूप लागलं. आईनं भांडी पोत्यात भरली. आबांनी बाटल्या पेटीत भरायला घेतल्या आणि परत जागेवर ठेवल्या.

पण राजधानीत जोडपत्र वाचणारं कोणीतरी होतं. पंधरा तारखेला कासारखेडच्या नगरपालिकेत सुनावणी ठेवली गेली. आबांनी आकडे सांगितले. मैनाला बोलायला उभं केलं तेव्हा तिनं आधी आपल्या एकसष्ट खोट्या फेऱ्या सांगितल्या. सभागृहात कोणी हसलं नाही. मग ती म्हणाली, "वर गवत जळलं तर माती उघडी पडते. मग पाऊस थांबत नाई, वाहून जाते. आमची बदली झाली तर आम्ही दुसरीकडे पाणी पिऊ. तुम्ही काय प्याल?"

बराच वेळ खल झाला. शेवटी ठराव झाला, की शहराच्या पाणीपट्टीतला एक वाटा दरवर्षी पठाराच्या राखणीला जाईल आणि कासारखेडच्या कुठल्याही माणसाला, नळ विहिरीचा असो की धरणाचा, उद्यानात तिकीट लागणार नाही. जे आपण राखतो ते आपल्याला पाहता आलं पाहिजे, असं एक म्हातारे सभासद म्हणाले. सरकारनं उद्यान चालू ठेवायला तीन वर्षांची मुदत दिली आणि पाहुण्यांबरोबर पाणीही मोजायचं ठरवलं. बारापैकी आठच रक्षक परत आले. त्यांनी त्याच दिवशी जाळरेषेचं राहिलेलं काम हाती घेतलं.

एक मे रोजी फाटक उघडलं. आकडा शून्यावर होता. सकाळी नऊच्या सुमाराला चढावरून एक म्हातारी बाई काठी टेकत आली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती.

"तायड्यायची पोरगी तूच का?" तिनं विचारलं. "मी गंगूबाई वानखडे, गवळीपुऱ्याची. तू आलतीस तवा मी लेकीकडं गेलती. माझी बाटली राहिली म्हणे. म्हणून घेऊन आलो."

मैनानं बाटली दोन्ही हातांनी घेतली.

"साठ वर्षं झाली या डोंगराकडं पाहून राहिलो," गंगूबाई म्हणाली. "आत जाऊ देता का?"

"जा ना आजी. तुमचंच हाय."

म्हातारी फाटकाकडे निघाली. तिचा हात धरावा असं मैनाला फार वाटलं, एक पाऊल तिनं टाकलंही. मग तिला संवेदक आठवला आणि ती मागं सरून बाजूला उभी राहिली. गंगूबाई एकटीच आत गेली आणि फाटकावर आकडा उमटला, एक.