किंचाळलेली डिस्क

दिवा राहू दे तसाच. लहानूची गोष्ट सांगतो. रामदासपेठेतल्या त्या ऑफिसात मी तेव्हा एसीचं काम बघायचो, म्हणून ठाऊक आहे.

१९८५ साल, डिसेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार. रात्री नऊला लहानू महाल मोहल्ल्यातल्या घरून सायकलनं निघाला. हँडलला झेंडूचा हार, पिशवीत नारळ. सकाळी कॉम्प्युटरच्या खोलीत नव्या डिस्कमशीनची पूजा होती. फरशी पुसून, हार घालून ठेव, असं साहेबांनी बजावलं होतं. फाटकावर ओमप्रकाश चौकीदारानं हार पाहिला.

"मशीनचं लगन हाय का गा?"

लहानू सायकल लावून आत गेला.

महिन्यापूर्वी त्याचा मोठा भाऊ अनंत गेला होता. याच खोलीतल्या मशीन अनंत सांभाळायचा. गव्हाच्या कोठीएवढी एकेक. आत थाळ्यांची काढता-घालता येणारी चळत गरगरते आणि केसभर अंतरावरून वाचणारं हेड फिरतं. हेड थाळीला टेकलं की किंकाळी उठते, थाळी खरवडते. ऑगस्टात एक अशी किंचाळली. दोष थाळ्यांत की मशीनमध्ये, ते बघायला ही चळत दुसऱ्या मशीनमध्ये घाल, साहेब म्हणाले. अनंत आडवा आला. देवी आलेलं पोर कोणी शेजाऱ्याच्या घरी निजवतं का, म्हणाला. साहेबांनी स्वतःच्या हातानं घातली. दुसरी मशीन गेली. मग तिसरीत घातली. तीही गेली.

रिपोर्टात नाव लागलं अनंतचं. नोकरी गेली. कोराडीच्या वीजकेंद्रावर काम विचारायला गेला, येताना कोळशाच्या ट्रकखाली आला. मग साहेबांनी दया दाखवली, चौथी नापास लहानूला झाडपुशीला घेतलं. महालात बाया त्याच्या आईला अजून विचारायच्या, तीन मशीन तुझ्याच पोरानं मोडल्या ना?

ती जखमी चळत खोलीतल्या कपाटातच होती. अनंतनं बांधलेला लाल दोरा तसाच. लहानूनं फरशी पुसली नाही. कपाट उघडून चळत काढली. उद्या चार पाहुण्यांसमोर, साहेबांनी बटण दाबताच, नवी मशीन किंचाळायला हवी होती. बस.

नव्या मशीनच्या झाकणाला हात घातला. उघडेना.

थाळ्या फिरत असल्या की कडी आतून झाकण धरून ठेवते, पूर्ण थांबल्याशिवाय सोडत नाही. हे भावानंच त्याला शिकवलेलं. पण मशीनची वायर जमिनीवर पडलेली. प्लगवर प्लास्टिकही तसंच.

त्यानं झाकणावर तळवा टेकवला, अनंत टेकवायचा तसा.

झाकण थरथरत होतं.

आवाज नाही. फक्त तळव्यात ती भिरभिर…

पुन्हा ओढलं. नाही.

त्याच्या हाताशेजारी पत्रा उबदार लागला. पंजाएवढ्याच जागेत.

"भाऊ…"

"तुले मशीनच प्यारी का गा?"

थरथर तेवढी चालू. तो तळवा टेकवून तसाच उभा राहिला. किती वेळ, त्यालाही सांगता आलं नाही.

मग त्यानं चळत उचलली. कपाटात ठेवली. कपाट लावलं.

मागे खट् झालं.

वळला. झाकण वीतभर वर आलेलं…

आत थाळ्या नव्हत्याच. मशीन रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नारळ फोडला. टाळ्या पडल्या. मशीन झकास चालली, साहेब वरच्या खुर्चीवर गेले. रिपोर्टातलं नाव काही बदललं नाही. लहानूनं त्याच आठवड्यात काम सोडलं. जाताना त्या रात्रीचं सगळं मला सांगितलं आणि म्हणाला, "मेल्यावर आला, तो बी मशीनसाठीच आला. आमच्यासाठी नाई."

मी त्याला समजावणार होतो, भलतंच डोक्यात घेतलं म्हणून. नाही समजावलं.

मशीन किती वेळ चालली ते दाखवणारा एक छोटा मीटर मागच्या अंगाला असतो. खोक्यातून काढली तेव्हा मी स्वतः वाचला होता, शून्य. पूजेच्या सकाळी प्लगचं प्लास्टिक साहेबांनी माझ्यासमोर फाडलं. त्याआधी मी मागे वाकून पाहिलं होतं.

मीटरवर चाळीस मिनिटं होती.